पहिलं भोक शून्यावर

चाकणच्या रस्त्यावर कांद्याची सालं उडायला लागली, की मला माझ्या आवाजाची थोडी लाज वाटते. वाक्य ऐकायला विचित्र आहे, पण खरं आहे. फाल्गुन सरत येतो, मार्केटकडे निघालेल्या ट्रकांची रांग लांबत जाते आणि जाळीच्या पोत्यांतून सुटलेली गुलाबी सालं वाऱ्याबरोबर इकडे मोशीपर्यंत येतात. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून आत शिरतात आणि थेट कीबोर्डवर बसतात. मी फुंकर मारून उडवते. काल असंच एक साल उडवलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. समोर स्क्रीनवर नव्या शिक्षकांच्या अर्जांची यादी होती. हे काम सुरू केलं त्या उन्हाळ्यातही अशीच यादी होती.

आवाजाचं आधी सांगते. वीस-बावीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रामिंग शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या झोपाळू मुलालाही माझं प्रत्येक अक्षर सुटंसुटं ऐकू जायचं. गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझ्याकडे, पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही रेडिओवर असायला हव्या होतात. मी वरवर नाही नाही म्हणायचे आणि आतून फुलून यायचे. माणसाला आपल्या एखाद्या गोष्टीचा असा अभिमान असतो, आणि मग तो त्याच मापानं सगळ्या जगाला मोजत सुटतो. माझं तेच झालं होतं.

नोकरी सोडली आणि सुहासबरोबर हे काम सुरू केलं. सुहास माझाच जुना विद्यार्थी. कॅमेरा, एडिटिंग, वेबसाइट हे त्याचं खातं, आणि काय शिकवायचं ते माझं. कल्पना साधी होती. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो माणसं तीन-तीन शिफ्टमध्ये गाड्यांचे पार्ट बनवतात. त्यातल्या कितीतरी पोरापोरींना प्रोग्रामिंग शिकायचं असतं, पण क्लासला जायला वेळ नाही आणि इंग्रजीची धास्ती. त्यांच्यासाठी मराठीतून, मोबाइलवर बघता येतील असे छोटे धडे करायचे. ऑफिससाठी जागा तात्यांची. तात्या इथले मूळचे. जिथं आमचं ऑफिस आहे तिथं त्यांच्या वडलांच्या काळात ज्वारी होती. आता तीन मजली बिल्डिंग आहे आणि खाली तात्यांच्या दोन बसगाड्या उभ्या असतात, कंपनीच्या कामगारांना न्यायला-आणायला लावलेल्या.

धडे कागदावर तयार झाले. प्रश्न उरला शिकवणार कोण. आम्ही जाहिरात दिली आणि अट घातली, की प्रत्येकानं आमच्याकडे येऊन दहा मिनिटांचा नमुना धडा रेकॉर्ड करायचा. विषय सगळ्यांना एकच, लूप. म्हणजे एकच काम मशीनला ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा कसं करायला लावायचं ते. गुणांचा तक्ता मी केला. उच्चार, आवाजातले चढउतार, आत्मविश्वास, कॅमेऱ्याकडे बघणं. हातात लाल पेन. ती सवय कुठं जाणार? आणि आता कबूल करायला हरकत नाही, शिक्षक मी मनात आधीच ठरवून टाकला होता. पहिल्या कोर्सला एकच शिक्षक परवडणार होता आणि तो मान मी कुणाला देणार होते, हे सुहासलाही ठाऊक होतं. बिचारा बोलत नव्हता इतकंच. पारदर्शक कारभार दिसावा म्हणून मीसुद्धा रीतसर एक नमुना धडा रेकॉर्ड केला होता आणि तो पुन्हा पुन्हा ऐकत होते.

उमेदवार आले. हिंजवडीतल्या कंपन्यांतले चटपटीत मुलगे, लग्नानंतर नोकरी सुटलेल्या हुशार मुली, एक निवृत्त प्राध्यापक. सगळे छान बोलले. आणि एका दुपारी, ऊन पत्र्यावर तडतडत असताना, इक्बालभाई आले.

पन्नाशीचे असावेत. दापोडीत घर, चाकणला एका पार्टच्या कारखान्यात सेटर. सेटर म्हणजे मशीनवर नवं काम लावून देणारा माणूस. प्रोग्राम टाकायचा, हत्यार बसवायचं, माप जुळवायचं आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं. डिप्लोमा-डिग्री काही नाही, आयटीआय. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा स्वतःच्या स्वतः शिकलेले. मी चहा मागवला तर त्यांनी छातीवर हात ठेवून हसत नकार दिला. मला ते जरा लागलं. रोजे चालू आहेत हे सुहासनं नंतर सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भर उन्हात, पाण्याचा थेंबही न घेता, तो माणूस पहिली शिफ्ट करून मोटरसायकलवर आमच्याकडे आला होता.

बोलताना ते डावा कान पुढे करायचे. त्यांनी ते लपवलं नाही. सुरुवातीची दहा वर्षं पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेली, उजवा कान तिथंच राहिला, आता डावाही निघालाय, असं सरळ सांगितलं. कंपनीत कानांची तपासणी झाली होती आणि त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवणार होते. मी म्हटलं, बरंच की, आरामाचं काम.  त्यावर ते सावकाश म्हणाले, "मॅडम, हत्यार बोथट झालं की मशीनचा आवाज बदलतो. सेटरला तो आधी कळायला पाहिजे. मला आता कळत नाही, म्हणजे मला काढतात ते बरोबरच आहे. पण माझ्या हाताखाली पोरं शिकली. स्टोअरला बसून मी कुणाला शिकवणार?"

एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. मी ऐकलं आणि पुढच्या कामाला लागले.

त्यांच्या रेकॉर्डिंगला सगळंच उलटं. चेहऱ्यावरचा कॅमेरा त्यांनी टेबलावर घ्यायला लावला. कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याच्या कडेनं बारा ठिपके. ही लोखंडी चकती, तिला कडेनं बारा भोकं पाडायची आहेत, एवढं म्हणाले. शेजारी प्रोग्रामच्या दोन ओळी लिहिल्या. मग त्यांचं बोट चालायला लागलं. ओळीवर बोट, मग ठिपक्यावर. ठिपक्याशी आकडा लिहायचा, ओळीतला जुना खोडून तिथं पुढचा मांडायचा, की बोट पुन्हा ओळीवर. तोंडातून शब्द अगदी थोडे, तेही घशात अडकलेले. मध्येच थांबायचे ते पाच-पाच सेकंद, नुसतं बोट वर धरून. आणि शेवटी चूक. किती वेळा करायचं त्या ओळीत बाराच्या जागी अकरा लिहिलं गेलं आणि एक ठिपका तसाच कोरा राहिला. सुहास म्हणाला, पुन्हा घेऊ या. त्यांनी हातानंच नको म्हटलं, कोऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून बसले. मग ओळीतले अकरा खोडून बारा केले आणि कोऱ्या ठिपक्याशीही आकडा लिहिला.

निघताना तो कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले आणि जाता जाता त्यांच्या कारखान्यातली एक रीत सांगितली. शिफ्टचा पहिला पीस तयार झाला की सेटर तो तपासणीला देतो. सगळी मापं बरोबर असली तर त्याच्यावर हिरव्या मार्करनं खूण करतात आणि तो पीस शिफ्ट संपेपर्यंत मशीनवरच ठेवतात. पुढचे शेकडो पीस त्याच्याशी ताडून बघायचे. मी हो हो केलं. ते गेले आणि मी त्यांच्या नावापुढे लाल पेननं लिहिलं, "आवाज नाही."

रोजा धरलेल्या, कोरड्या घशाच्या माणसाविषयी मी ते लिहिलं होतं. आज ते अक्षर डोळ्यांसमोर आलं की कान तापतात.

त्यानंतर गाडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सुहासनं निवडलेले सहा नमुने, माझा धरून, आम्ही काही कामगार मुलामुलींना मोबाइलवर पाठवले होते. बघा आणि आवडीचा कळवा. आठवडा गेला, दुसरा गेला. बघितले तर जात होते, पण उत्तर कुणाचं येईना. मी चिडले. मी चिडले की आमच्या ऑफिसात पंखासुद्धा हळू फिरतो. सुहासनं खाली जाऊन तात्यांना विचारलं, ही पोरं बघतात कधी? तात्या म्हणाले, माझ्याच बसमध्ये बघतात, येताना. मग मीच म्हटलं, मी बसनं येते, विचारते एकेकाला. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बसा की मॅडम. पर बसमधी बोलायचं न्हाई हां. रातपाळीची मान्सं झोपल्याली असत्यात."

तर एका सकाळी सात वाजता मी चाकणला कंपनीच्या फाटकाशी उभी. ऊन अजून कोवळं होतं. पलीकडे मार्केटच्या बाजूनं कांद्याचा उग्र, गोडसर वास येत होता. शिफ्ट सुटली, माणसं बसमध्ये चढली आणि त्यांच्या कपड्यांबरोबर कूलंटचा वास चढला, ते मशीनवर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात ना, त्याचा. दोन वास मिसळले. ते मिश्रण मी कुठंही ओळखेन.

बस हलली आणि पाच मिनिटांत निम्मी बस झोपली. माना मागे पडल्या, तोंडं उघडी. जे जागे होते त्यांच्या हातात मोबाइल. आणि सगळी बस शांत. कुणाच्याही फोनमधून चकार शब्द नाही. गाणं नाही, क्रिकेट नाही, काही नाही. आठ तास कान किटून आलेल्या माणसांनी एकमेकांसाठी पाळलेली ती शांतता होती. कुठं पाटी नव्हती, कुणी दटावत नव्हतं. दार लावतानाही हळूच लावत होते.

माझ्या शेजारी सोनाली नावाची मुलगी बसली होती, परभणीकडची, वायरिंगच्या लाइनवर काम करणारी. तिनं फोन काढला आणि आमचे नमुने लावले. पहिला मीच होते. आवाज बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला आवाजाशिवाय पाहिलं. एक बाई. हातवारे करते आहे, भुवया उडवते आहे, तोंड उघडते आहे, मिटते आहे. मागे फळ्यावर तीन शब्द लिहिलेले, तेही तिच्या खांद्याआड. सोनालीनं दहा सेकंद बघितलं आणि अंगठ्यानं मला वर सरकवून टाकलं. शेजारी मीच बसले आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. नंतर ते हिंजवडीचे मुलगे आले आणि गेले. प्राध्यापकही गेले.

मग टेबलावरचे दोन हात आले. ती सावरून बसली. बोट ओळीवर गेलं, बोट ठिपक्यावर गेलं. आकडा खोडला, नवा आला. जिथं ते बोट वर धरून थांबत होते, तिथं तिचे ओठ हलत होते. ती पुढचा आकडा सांगत होती. त्या थांबण्याला मी रटाळपणा समजले होते. कोरा ठिपका राहिला तेव्हा तिनं भुवया आक्रसल्या, बोट त्या ठिपक्यावर टेकलं तशी तिनं मांडीवर हलकेच चापट मारली, आणि अकराचे बारा होईतो ती हसायला लागली होती. मी मान वळवून मागे पाहिलं. दोन रांगा मागे एका मुलाच्या फोनमध्ये तेच हात. खिडकीपाशी आणखी एक. झोपलेल्या माणसांच्या मधून मधून, जागोजागी, तेच बोट आवाज न करता फिरत होतं.

 दोन दशकं शिकवून मी शिकवणं कधी पाहिलंच नव्हतं, ते मला त्या बसमध्ये दिसलं.

मी न राहवून कुजबुजत विचारलं, आवाज नाही लावत का? सोनालीनं दचकून आजूबाजूला पाहिलं. "माणसं झोपलीत ना मॅडम. अन् या सरांना आवाज लागत नाही."

जिथं मशीनच्या आवाजात ओरडूनही ऐकू जात नाही तिथं हा माणूस तीस वर्षं शिकवत आला होता. बोटानं दाखवायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून थांबायचं, कळलं की पुढे जायचं. तिथं सगळे तसंच शिकतात आणि तसंच शिकवतात. आम्ही वर बसून चांगला आवाज शोधत होतो, आणि ज्यांच्यासाठी शोधत होतो ती माणसं आवाज बंद करून वाट पाहत होती.

पण खरा धक्का अजून बाकी होता. ऑफिसात परतून मी तो नमुना पुन्हा लावला, या वेळी मीही आवाज बंद करून. सुहास मागे येऊन उभा राहिला. पहिल्या ठिपक्याशी इक्बालभाईंनी लिहिलं होतं शून्य. दुसऱ्याशी एक. बाराव्याशी अकरा. प्रोग्रामिंगमध्ये मोजणी शून्यापासून का, हा नव्या मुलांचा ठरलेला प्रश्न असतो. मी आवाज लावून तेवढाच भाग ऐकला. ते म्हणत होते, "पहिलं भोक शून्यावर. अजून चकती फिरवलीच नाही ना."

बस्स. इतकंच. पहिलं भोक पाडताना चकती जिथं आहे तिथंच असते. तीस अंश फिरवली की दुसरं, म्हणजे फिरवणं झालं एकदा. बारावं भोक येईपर्यंत फिरवणं अकरा वेळा. आकडा भोकाचा नाही, फिरण्याचा आहे. मी खुर्चीत मागे टेकले. मला इतकं साधं, इतकं सुंदर काही कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुहास हळूच म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला वर्गात विचारलं होतं, शून्यापासून का. तुम्ही म्हणालात, नियम आहे, पाठ कर." तो हसत म्हणाला, पण मी त्याच्याकडे बघू शकले नाही. किती मुलांना मी तेच खणखणीत आवाजात सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून हिरवा मार्कर घेतला आणि दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणला गेले. मार्केटचा दिवस होता. ट्रक, टेम्पो, हॉर्न, हमालांच्या हाका, आणि रस्ताभर सालं. इक्बालभाई फाटकातून बाहेर आले. पुढच्या सोमवारपासून स्टोअरला जायचंय, असं त्यांनी न विचारता सांगितलं आणि मान खाली घातली. मी माझ्या त्या सुप्रसिद्ध आवाजात म्हटलं, इक्बालभाई, तुमची निवड झाली. त्यांनी डावा कान पुढे केला. मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. शेजारून ट्रक गेला. त्यांनी कसनुसं हसून कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

मग मी बोलणं बंद केलं. पर्समधून त्यांचा कागद काढला, माझ्या स्कूटरच्या सीटवर पसरला, आणि हिरव्या मार्करनं पहिल्या ठिपक्यावर, शून्याच्या शेजारी, खूण केली.

ते कागदावर वाकले. पोत्यातून सुटलेलं एक साल येऊन कागदावर बसलं, ते त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला केलं. डोळे भरले होते, त्यांचे आणि माझेही. मग म्हणाले, "मॅडम, आता पुढचे सगळे याच्याशी ताडून बघावे लागतील."

तसेच बघतो आम्ही. तो कागद ऑफिसच्या भिंतीवर आहे. नवे अर्ज आले की इक्बालभाई आणि मी शेजारी बसतो आणि सगळे नमुने आवाज बंद करून बघतो. हिरवा मार्कर त्यांच्याकडे असतो. माझं लाल पेन कुठं गेलं कुणास ठाऊक. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. फिकीर नाही.

काल मी एक चावटपणा केला. गेला महिनाभर चोरून सराव करून मी एक धडा केला होता. फक्त हात, चेहरा नाही, नाव नाही. तो हळूच यादीत सोडून दिला. इक्बालभाई बघायला लागले. मी परीक्षेच्या निकालाला बसलेल्या मुलीसारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग मागे जाऊन एका जागी चित्र थांबवलं, तिथं बोट टेकलं आणि ते तिथंच ठेवलं. मी पाहिलं. त्या जागी मी थांबायला हवं होतं आणि मी पुढे निघून गेले होते. समोरच्याला आकडा सांगायला जागाच ठेवली नव्हती.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या हातांकडे. ओळखलं. हसले नाहीत. हवेत बोट गोल फिरवून सांगितलं, पुन्हा.

मी उठले, रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले, आणि एक अक्षर न बोलता कॅमेऱ्याखाली हात ठेवले.